धबधब्याची लेव्हल

तर मंडळी, गेल्या शनिवारी आमच्या घरी चक्क टीव्ही गेमची मैफल झाली. कलाकार तीन. तिघेही चाळिशी ओलांडलेले, दोघांना चाळशी लागलेली, एकाच्या कमरेला डॉक्टरांनी दिलेला पट्टा. तिघेही डोंबिवलीच्या एकाच गल्लीत वाढलेले. एक लंबू, एक जाड्या (जो आता आमच्यात सगळ्यात बारीक आहे) आणि तिसरे अस्मादिक.

तयारी महिनाभर चालली होती. जुन्या बाजारातून एक टीव्ही गेम मिळवला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात जे स्वस्तातले टीव्ही गेम मिळायचे, ते बहुतेक निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची नक्कल असायचे. त्यासोबत ती 'नव्याण्णव लाख इन वन' छापाची कॅसेट. प्रत्यक्षात गेम पाचपन्नास, बाकी नुसती नावं बदललेली. तरी आम्ही एकेक नाव उघडून बघायचो, न जाणो एखादा नवीन निघाला तर!

माळ्यावरून बाबांचा जुना डबडा टीव्ही उतरवला, तेव्हा सौ.ची पहिली प्रतिक्रिया "अय्या, म्हणजे तुम्ही भंगारवाल्याला दिलाच नव्हता?" अशी होती. चिरंजीव म्हणाले, "बाबा, भिंतीवर एवढा मोठा टीव्ही आहे की." मग त्याला समजावलं. बदकं मारायच्या त्या बंदुकीतून काही सुटत नाही. उलट तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक डोळा असतो. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. तो चौकोन त्या डोळ्याला दिसला की बदक मेलं. हे सगळं गणित जुन्या टीव्हीवर चित्र कसं नि कधी उमटतं यावर बेतलेलं. नव्या टीव्हीवर ते जुळत नाही, त्यामुळे तिथे बदकं अमर. चिरंजीवांनी "ओके" म्हणून मोबाईलमध्ये डोकं घातलं. असो.

रात्री नऊला सुरुवात झाली. भडंग, वडापाव, चहाचा थर्मास. मारिओमध्ये जाड्या पहिल्याच खड्ड्यात पडला आणि रिमोट खराब आहे म्हणाला. हे तो तेव्हाही म्हणायचा. मग रोड फायटर झाला, रणगाडे झाले. रणगाड्यांत मी नेहमीप्रमाणे आपलाच गरुड उडवला.

पण माझं लक्ष कपाटाकडे होतं. या सगळ्या मैफलीचा घाट मी का घातला होता, ते तिथे ठेवलं होतं.

१९९५ च्या मे महिन्यात आमच्या गल्लीत टीव्ही गेम फक्त लंबूकडे होता. त्याच्या पप्पांनी त्याला 'कॉन्ट्रा'ची वेगळी कॅसेट आणून दिली होती. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे ती कॅसेट म्हणजे फार मोठी गोष्ट. आम्ही दोघं ती खेळायचो. ज्यांनी खेळली आहे त्यांना तिसरी लेव्हल आठवत असेल, धबधब्याची. वर वर उड्या मारत जायचं. यात एक गोम आहे. पुढचा खेळाडू वर चढला की पडदा वर सरकतो, आणि खाली राहिलेला पडद्याबाहेर जाऊन मरतो. शत्रूची गोळी न लागता! मी कायम पुढे पळायचो. लंबू कायम मरायचा.

एक दिवस तो वैतागून म्हणाला, "बस झालं, आता जाड्याला खेळू दे." एवढंच. मला इतका राग आला, की जाताना मी ती कॅसेट शर्टाखाली घालून घरी आणली. माझ्याकडे गेमच नव्हता, नुसती कॅसेट घेऊन मी काय करणार होतो? रजयांच्या कपाटात लपवली. दुसऱ्या दिवशी कळलं, कॅसेट हरवली म्हणून लंबूने पप्पांचा बेदम मार खाल्ला. मी परत द्यायला दोनदा त्याच्या जिन्यापर्यंत गेलो आणि दोनदा परत आलो. मग तीस वर्षं गेली.

शनिवारी साडेअकराच्या सुमाराला मी उठलो, कपाटातून ती काढली आणि लंबूच्या हातात दिली. काय बोलायचं ते मनात पाठ केलं होतं, ऐनवेळी फक्त "ही तुझी" एवढंच निघालं.

त्याने ती उलटसुलट करून पाहिली. म्हणाला, "माहीत होतं रे मला."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. शर्टाखाली चौकोन दिसत होता तुझ्या."

"मग पप्पांना सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू परत खेळायला आला नसतास."

जाड्या काहीच बोलला नाही, वडापाव खात बसला. मलाही काही सुचेना. लंबूचे पप्पा आता नाहीत. त्यांना हे कधीच कळणार नाही, आणि ते मला आता फेडताही येणार नाही. हे लिहितानासुद्धा जड जातंय.

लंबूने सवयीने कॅसेटवर फुंकर मारली. खरं तर फुंकरीने काही होत नाही, काढून परत बसवल्याने आतल्या पट्ट्या नीट टेकतात. उलट तोंडातल्या ओलाव्याने त्या खराबच होतात. पण मी त्याला ते सांगितलं नाही. पहिल्या दोन वेळा नुसताच राखाडी पडदा आला. तिसऱ्यांदा लागली!

धबधबा आला. मी दोन उड्या मारल्या आणि थांबलो. लंबू खाली चाचपडत होता, बोटं आता पूर्वीसारखी चालत नाहीत.

"अरे जा ना पुढे," तो म्हणाला.

"ये तू. घाई नाही."

वर पोचेपर्यंत दोघांचेही सगळे जीव संपले. परत पहिल्यापासून सुरुवात केली. निघताना लंबू कॅसेट टीपॉयवर ठेवून जात होता. मी बळेच त्याच्या पिशवीत घातली.