मातीची साक्ष

धारवाडच्या कौलारू घरांवर आपली नजर नित्य जाते. परंतु त्या भाजलेल्या मातीत ॲल्युमिनियमचा अणू चार प्राणवायूंमध्ये बसला आहे की सहांमध्ये, हे कोण सांगेल? प्रबळ चुंबकात ठेवून रेडिओलहरींनी हटकल्यास त्याचा गर्भच ते सांगतो. तथापि हा गर्भ पुरता गोल नसल्याने भोवतालच्या विद्युत्क्षेत्राची ओढ त्यास लागते व साक्ष धूसर होते. ५४.७ अंश कललेल्या अक्षावर नमुना वेगाने फिरविला तरी थोडी धूसरता उरतेच. ती निवारण्याची युक्ती १९९५ साली फ्रिडमन व हारवुड यांनी दाखविली. १९५१ साली स्टॅनफर्ड येथे मद्यार्काची अशीच साक्ष उलगडणाऱ्या तिघांत आपले धर्मट्टी होते. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी ही विद्या रुजविली.

आमच्याकडील एका शेतकऱ्याने विचारले, "फादर, हे शिकून पोराचे पोट भरेल काय?"

आम्ही म्हणालो, "काच, सिमेंट, तेल शुद्ध करणारी द्रव्ये, सारी याच विद्येने पारखतात. परंतु वर्षे फार लागतील. पोरगा धीराचा असेल तर अडवू नका."

त्याने उत्तर दिले नाही. म्हशीसाठी साठविलेल्या पैशांतून त्याने मुलाची फी भरली.