भिंती नसलेला तुरुंग आणि 'पॅनॉप्टिकॉन'

मागच्या शनिवारी आटपाडीला मामांकडे होतो. दुपारची वेळ, जेवण अंमळ जास्तच झालेलं. हेडफोन पुण्यात विसरलो म्हणून मोबाईलवरच 'आयसिस' लावलं. (घाबरू नका, हा बॉस्टनचा बँड. १९९७ ला सुरू झाला, २०१० ला मोडला. ते नाव जगाला भलत्याच कारणानं कळलं ते त्यानंतर.) पाचव्या मिनिटाला मामा उठून बसले.

"आरं, कुनाला मारत्यात का काय त्यात?"

आता मामांना पोस्ट-मेटल कसं समजावणार? म्हटलं, विलंबित ख्याल समजा. एकच तुकडा चार-चार मिनिटं फिरवायचा, हळूहळू चढवत न्यायचा आणि मग एकदम आभाळ कोसळतं. मेटलचा जडपणा आहे, पण घाई नाही. गायकाचं ओरडणंसुद्धा वाद्यांच्या मागून कुठूनतरी येतं. ओकलंडच्या न्यूरोसिसने ही वाट पाडली. त्यांचा १९९६ चा 'थ्रू सिल्व्हर इन ब्लड' सलग ऐकायला छाती लागते. स्वीडनच्या कल्ट ऑफ लूनाचा 'समवेअर अलाँग द हायवे' (२००६) रात्रीच्या एसटीत ऐकावा. शिकागोचा पेलिकन तर जवळजवळ गातच नाही.

पण माझा जीव आयसिसच्या 'पॅनॉप्टिकॉन'वर (२००४). सात गाणी, जवळपास तासाभराचा ऐवज. 'ऑल्टर्ड कोर्स'मध्ये तर टूलचा जस्टिन चान्सलर बेसवर आहे. नाव बेंथमच्या तुरुंगावरून घेतलंय. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याने आराखडा मांडला: गोल इमारत, कडेने कोठड्या, मध्ये मनोरा. पहारेकरी बघतोय की नाही हे कैद्याला कधीच कळत नाही, म्हणून तो कायम शहाण्यासारखा वागतो.

हा अल्बम हल्ली मला फार लागतो, कारण आमच्या लॅपटॉपवर आता एक सॉफ्टवेअर बसवलंय. कळा किती दाबल्या, माऊस किती वेळ हलला नाही, सगळं मोजतं. परवा चहा पिताना मी एका हाताने माऊस हलवत होतो. कोणी बघतच नसेल कदाचित!

हे सगळं ऐकून मामा म्हणाले, "तुरुंगाचं गानं हाय व्हय? मग बस गाडीवर."

गेलो स्वतंत्रपूरला, आटपाडीपासून जवळच. रस्त्यावरून पाहिलं तर शेती, घरं. तुरुंग म्हणावं असं काही दिसेना. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. १९३९ च्या सुमारास राजे भवानराव पंतप्रतिनिधींच्या पाठिंब्याने मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरने इथे कैद्यांची खुली वसाहत उभी केली. (इंजिनिअर! आम्ही मात्र माऊस मोजतोय.) भिंत नाही, कैद्याने शेती करायची, बायकापोरांसोबत राहायचं. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) याच प्रयोगावरून सुचलेला, आणि कथा-पटकथा याच मातीतल्या गदिमांची.

येताना डोक्यात किडा वळवळत होता. भिंत नसली की कैदी स्वतःच स्वतःवर पहारा ठेवणार. मग हाही पॅनॉप्टिकॉनच की! मामांना विचारलं, "पळून का जात नाहीत ओ?"

"जात बी आसतील एखादं. पर ज्याची पोरं हितं शाळंत जात्यात, ज्यानं सोता पेरलंय, त्यो पीक सोडून कुटं जाईल?"

बेंथमचा कैदी भीतीने जागेवर बसतो. इथल्याला कोणीतरी आधी विश्वास उसना दिला, आणि मग सांभाळावं असं काहीतरी त्याच्या हाती आलं. फरक एवढाच, पण केवढा!

रात्री गच्चीवर 'पॅनॉप्टिकॉन' परत लावला. मामा शेवटपर्यंत बसले. म्हणाले, "वराडतंय लई. पर दम हाय."

असो. सोमवारी चहाला दोन्ही हातांनी कप धरला. माऊस वीस मिनिटं गप्प पडून होता. अजून तरी कोणी काही विचारलेलं नाही.