उमेदवारीचा कागद

उमेदवारी हा शब्द मोठा सोयीचा आहे. देणाऱ्यास त्यांत फारसें कांहीं द्यावें लागत नाहीं, आणि घेणाऱ्यास सारें कांहीं मिळेलसें वाटतें. 1993 सालीं आम्ही नुकतेच पदवीधर झालों होतों, आणि गिरगांवांतील आमच्या दोन खोल्यांच्या संसारांत एकाच आठवड्यांत दोन पत्रें आलीं. एक सरकारी कचेरीचें. त्यांत कायमची कारकुनी होती, आणि अखेरीस पेन्शन. दुसरें दलाल स्ट्रीटवरील एका पेढीचें. त्यांत एक वर्षाची उमेदवारी, जाण्यायेण्यापुरतें वेतन, आणि 'पुढचें पुढें' एवढीच हमी.

मुंबईचा शेअरबाजार 1875 सालचा, तेव्हां धंदा कांहीं कालचा नव्हे, अशी आम्ही आपली समजूत घालीत असूं. तोंच 1992 सालचा रोखे-घोटाळा आठवे. शेवटीं एक दिवस पेढीवर जाऊन बसलों. रिंगणांत ओरडून केलेला सौदा हा प्रथम नुसता शब्द असे; तो वहींत टिपला जाई, आणि सायंकाळीं समोरच्या दलालाच्या टिपणाशीं ताडून पाहिला जाई. त्या सायंकाळीं एका मुलानें खरेदीच्या जागीं विक्री केल्याचें उघड झालें. चूक त्याला दुपारींच उमगली होती. पण भीतीनें तो बोलला नाहीं, आणि तेवढ्या वेळांत भाव चढत गेल्यानें तूट वाढत गेली. मेहताजी एवढेंच म्हणाले, "चुकीचे पैसे पेढी भरील. गप्प बसल्याचे कोणीं भरायचे?"

हें आम्हीं घरीं सांगितलें. वडिलांनीं ना पगार विचारला, ना सट्ट्यावर प्रवचन दिलें. ते म्हणाले, "तुझ्या हातून असें झालें, तर तूं त्याच वेळीं सांगशील का?"

आम्हांस 'हो' म्हणवेना. शाळेंत असतांना नापासाचें प्रगतिपुस्तक महिनाभर गादीखालीं दडविणारे आम्हीच! कचेरींत चूक फायलींत वर्षानुवर्षें सुखानें निजूं शकते. पेढींत तासाभरांत तिचे रुपये होतात. आमच्या भित्र्या स्वभावास कचेरी मानवली असती, यांत शंका नाहीं. म्हणूनच आम्हीं पेढीच्या पत्रावर सही केली.

तेथें शिकलेलें पुष्कळसें लवकरच निरुपयोगी झालें. 1995 सालीं बाजारांत संगणक आले आणि रिंगणांतील ओरड थांबली. 1996 नंतर कागदी शेअरहि हळूहळू गेले, आणि त्यांबरोबर सह्या ताडून पाहण्याचें आमचें कौशल्यहि गेलें. परंतु चौथ्या महिन्यांत आम्हीं एक आंकडा चुकीचा लिहिला होता. तो ध्यानांत येतांच वही घेऊन मेहताजींपुढें उभे राहिलों, तेव्हां पाय लटपटत होते. पेढीची तूट थोडक्यांत निभावली.

रात्रीं वडिलांना तें सांगितलें. त्यांनीं चष्मा काढून आमच्याकडे पाहिलें, आणि म्हणाले, "हातपाय धू. जेवायला बस."