बाबांचं ‘बेनाम’ झाड

जाण्याच्या महिनाभर आधी, भर पावसाळ्यात, बाबांनी धडगावहून काळ्या पिशवीतलं एक रोप आणून नंदुरबारच्या आमच्या अंगणात लावलं. कसलं, ते सांगायचं राहूनच गेलं. फांदीच्या टोकाला पानांचा झुबका, पान तोडलं की पांढरा चीक. चिकूच, मी डिक्लेअर करून टाकलं. (डिग्री मास कॉमची, बॉटनीची नव्हे!)

फेब्रुवारीत पुण्याहून घरी गेले, तर झाडावर एकही पान नाही. धस्स झालं. मग काय, सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी, वर शेणखत. आळ्यात नुसता चिखल!

कामाला येणाऱ्या मावशी सातपुड्यातल्या. त्यांनी नखाने साल खरवडली, आत हिरवंगार. ‘ताई, हा मोह आहे. मेला नाही, पानं झाडलीत. पाणी थांबवा, मुळं कुजतील.’

मोह आणि चिकू एकाच सपोटेसी कुळातले, म्हणून तो चीक आणि तो झुबका. पण चिकू सदाहरित, मोह उन्हाळ्याच्या तोंडावर पानं गाळतो. त्याला ऊन हवं, पाण्याचा निचरा हवा, शेळ्यांपासून कुंपण हवं. फुलं यायला मात्र किमान ८-१० वर्षं.

‘कुंडीत घालून पुण्याला नेऊ?’ मावशी हसल्या. सोटमूळ खोल जातं, उपटलं तर जगायचं नाही.

इकडे घर विकायचं आमचं जवळपास ठरलेलं. एप्रिलमध्ये आईचा फोन आला, तांबूस पालवी फुटलीय म्हणून. एजंटचं विचारलं, तर म्हणाली, ‘त्याला दिवाळीनंतर ये म्हटलंय.’