खिडकीवरचं मीठ

पाच-सहा वर्षांपूर्वी बंदराजवळच्या पाचसात बायका आमच्या ऑफिसात आल्या होत्या. खिडक्यांवर पांढरट थर बसतोय, पुसला तरी पुन्हा येतो, अशी तक्रार. मी एका साहेबांना फोन लावला. "समुद्राकाठी राहता, मीठ बसणारच," ते म्हणाले. तेच मथळ्यात घेतलं, विषय संपवला. ती बातमी आता टोचते, कारण थरात आणखी काय आहे हे मी विचारलंच नाही.

मंडळी, थोडी केमिस्ट्री सहन करा. (मी पत्रकारितेचा डिप्लोमावाला, मलाही दोनदा समजून घ्यावी लागली.) लाटा फुटल्या की खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब उडतात, वाळून मिठाचे कण राहतात. ट्रकच्या, जहाजांच्या धुरात नायट्रोजनचे ऑक्साइड असतात. उन्हात त्यांचं नायट्रिक आम्ल होतं, वायुरूपात. मिठाचा कण भेटला की ते त्यावर बसतं. मिठातलं क्लोरीन हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू होऊन उडून जातं आणि कणावर सोडियम नायट्रेट उरतं. रात्रीही वेगळ्या वाटेने हेच घडतं. शाळेतले खारे वारे, मतलई वारे आठवतायत ना? रात्री मतलई वारा महामार्गाचा धूर समुद्रावर नेतो, दुपारी खारा वारा त्यातला काही मिठाच्या कणांवर बसवून घरी आणून देतो.

धुळीवरही नायट्रेट साठतं, पण चुना असलेल्या धुळीवर जास्त. आपल्या जांभ्याच्या मातीत चुना नावालाच. रस्त्याच्या कामाच्या सिमेंटच्या धुळीत मात्र भरपूर! तिथे कॅल्शियम नायट्रेट होतं, ते हवेतला ओलावा ओढतं आणि ओलसर कण आणखी आम्ल पकडतो.

आता खरी गोम. हे कण बहुतेक २.५ मायक्रॉनपेक्षा मोठे असतात. म्हणजे पीएम २.५ चा आकडा बघून "आमची हवा एक नंबर" म्हणणाऱ्यांना ते दिसतच नाहीत. पीएम १० च्या फिल्टरवर सापडतात, पण तिथे नुसतं वजन होतं. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत बारा प्रदूषकं आहेत, नायट्रेट त्यात नाही. नायट्रोजन डायऑक्साइड आहे, पण त्यातला जो कणावर जाऊन बसला, तो वायूच्या आकड्यातून गेलाच की!

मोठे कण लवकर खाली बसतात. कलमांवर, वाळत घातलेल्या मासळीवर, खाडीत. मासळी विषारी झाली असं मी म्हणत नाहीये, कृपया तसं व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. पण नायट्रेट म्हणजे खतच, आणि खाडीत खत वाढलं की शेवाळ माजतं.

तपासणी अवघड नाही. समुद्राच्या पाण्यात वजनाने सोडियमच्या साधारण १.८ पट क्लोराइड असतं. फिल्टर धुऊन सोडियम, क्लोराइड, नायट्रेट मोजा. क्लोराइड कमी आणि नायट्रेट भरपूर निघालं, तर "मीठच आहे" हे उत्तर चालणार नाही.

तसा अर्ज लिहिलाय, सोमवारी देतोय. सह्यांसाठी त्याच बायकांकडे गेलो होतो. दोघींनी लगेच केली. तिसरीने आधी विचारलं, "भाऊ, तेव्हा का नाही लिहिलंत हे?" मग सही केली.