पासिंगला आलेली जुनी मोटारसायकल

मोटार वाहन निरीक्षकाच्या नोकरीत माझा बहुतेक काळ मालमोटारी आणि प्रवासी गाड्या तपासण्यात गेला. तथापि निवृत्तीनंतर त्या कामाचा विचार करू लागलो की मनात प्रथम येतात त्या पंधरा वर्षांची मुदत संपल्यावर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी, म्हणजे लोक ज्याला पासिंग म्हणतात त्यासाठी, आवारात येऊन उभ्या राहिलेल्या लहान इंजिनाच्या जुन्या मोटारसायकली. १९८५ साली रस्त्यावर आलेल्या हीरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १००, त्यांच्यामागून १९९४ मध्ये आलेली स्प्लेंडर, आणि आजोबांच्या हातून नातवाच्या हाती गेलेली एखादी राजदूत. १९८८ चा मोटार वाहन कायदा खाजगी गाडीच्या नोंदणीस पंधरा वर्षांची मुदत देतो आणि पुढे गाडी पाहून पाच-पाच वर्षांची वाढ देतो. ही वाढ देताना निरीक्षक ज्या कागदावर सही करतो, त्या कागदावर विश्वास कितपत ठेवावा, हा प्रश्न मला नोकरीत असतानाही अस्वस्थ करीत असे आणि आजही करतो.

लहान गाडीची तपासणी ही किरकोळ बाब आहे, असा समज सर्वत्र दिसतो. जपानमध्ये अडीचशे सीसीपर्यंतच्या दुचाकींना तेथील कडक नियतकालिक तपासणीतून वगळलेले आहे. युरोपीय संघाने २०२२ पासून मोटारसायकलींची तपासणी आपल्या सामाईक निर्देशात घेतली, तीही १२५ सीसीच्या वरच्यांचीच. त्या देशांत लहान दुचाकींचे प्रमाण बेताचे असल्याने तेथे हे कदाचित चालून जात असेल. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. या सर्व अपघातांचे खापर जुन्या यंत्रांवर फोडणे अन्यायाचे होईल, कारण वेग, रस्ते आणि हेल्मेटचा अभाव ही कारणे फार मोठी आहेत; परंतु जेथे लोक एवढ्या संख्येने दुचाकीवर बसतात, तेथे दुचाकीची तपासणी चासी नंबरची पेन्सिलने छाप घेणे, हॉर्न वाजवणे आणि दिवा लावून पाहणे एवढ्यावर आटोपू नये, असे माझे ठाम मत आहे.

जुन्या गाडीचे दोष बहुधा नजरेला दिसत नाहीत. ते हाताला लागतात. मागच्या ब्रेकचेच पाहा. ड्रमच्या आत दोन ब्रेक-शू असतात. त्यांची एकेक टोके खिळीवर टेकलेली असतात आणि दुसऱ्या टोकांच्या मध्ये एक चपटा कॅम असतो. पायाने पॅडल दाबले की दांडा बाहेरचा आर्म ओढतो, आर्म कॅमला फिरवतो आणि कॅम शूंना फाकवून ड्रमवर दाबतो. लायनिंग झिजत जाते तसतसा कॅमला अधिकाधिक फिरावे लागते, म्हणून दांड्याच्या टोकाचा नट आवळत जावे लागते, आणि अखेर पॅडल पूर्ण दाबल्यावर दांडा आणि आर्म यांच्यातला कोन काटकोनाच्या पलीकडे जाऊन पायातला जोर वाया जाऊ लागतो. अशा वेळी नवे शू घालणे हाच खरा उपाय. परंतु पासिंग उद्यावर आलेले असते, शूंचा खर्च टाळायचा असतो, मग आर्म दात्यांवरून काढून एक-दोन दाते मागे चढवला जातो. बाहेरून सर्व यथास्थित दिसते: पॅडलची चाल बरोबर, आर्मचा कोन बरोबर. आत मात्र लायनिंग पूर्वीइतकेच पातळ, आणि कॅम जवळजवळ आडवा होऊन अडकण्याच्या बेतात आलेला. ज्या गाड्यांच्या ब्रेकवर झीज दाखवणारा बाण असतो, त्यांची ती चकती कॅमवर एकाच जागी बसते, आर्मबरोबर मागे सरकत नाही. म्हणून माझा परिपाठ असा होता, की खाली बसून, दुसऱ्याला पॅडल पूर्ण दाबायला सांगून, आर्मकडे न पाहता त्या बाणाकडे पाहायचे.

हॅण्डलचा कोन सेट, म्हणजे हॅण्डल ज्यावर फिरते त्या गोळ्या आणि त्यांच्या रेस, हा दुसरा असा भाग, ज्याच्या बाबतीत उतावीळ तपासणी हमखास फसते. गाडी डबल स्टँडवर घेऊन, मागचा भाग दाबून पुढचे चाक उचलावे आणि फोर्कची खालची टोके धरून पुढे-मागे हलवावीत. सैल असेल तर वर गळ्याशी ठोका लागतो. हा ठोका घालवायला मेकॅनिकला काही क्षण पुरतात, वरचा नट आवळला की संपले. परंतु वर्षानुवर्षे खड्ड्यांचे आघात सोसून ज्या रेसमध्ये गोळ्यांनी खड्डे पाडले आहेत, ती रेस आवळल्याने दुरुस्त होत नाही. उलट हॅण्डल हलक्या हाताने एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सोडले तर ते बरोबर मध्यावर येऊन अडते, तेथे एक खाच जाणवते. अशी गाडी सरळ रस्त्यावर सतत किंचित डावी-उजवी होत राहते आणि भरधाव असताना चालकाला तिला सावरावे लागते. ठोका नाही म्हणून जो निरीक्षक गाडी पास करतो आणि खाच आहे म्हणून जो नापास करतो, त्या दोघांनी एकच गाडी पाहिलेली असते, परंतु तपासणी मात्र एकानेच केलेली असते.

दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना लटकवून रोज डेअरीच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा मालक म्हणे, ‘‘साहेब, रोज चालवतोय मी, काही असतं तर कळलं नसतं का?’’ त्याचे म्हणणे प्रामाणिक असे, आणि त्यातच अडचण होती. दोष थोडाथोडा वाढत जातो तेव्हा चालकाचा हात त्याच्याशी जुळवून घेतो. मागचे चाक धरणाऱ्या चिमट्याचे बुश झिजून ते चाक आडवे डोलू लागले तरी त्याला ती गाडीची ढबच वाटू लागते. चाक वरून धरून आडवे ओढले आणि चिमट्यापाशी बोट ठेवले की परक्या माणसाला जे तत्काळ समजते, ते रोजच्या स्वाराला समजत नाही. अशा भारवाहू गाडीच्या चासीवर, विशेषतः गळ्यापाशी आणि चिमट्याच्या खुंटाजवळ, रंगाखालून उमटलेली गंजाची बारीक रेघ शोधावी लागते. ती रेघ म्हणजे बहुधा तडा असतो. याच कारणास्तव पासिंगसाठी खास नवा रंग मारून आणलेली जुनी चासी मला अधिक वेळ पाहावीशी वाटे.

टायरच्या बाबतीत नियम नक्षीच्या खोलीचा आहे, दुचाकीस किमान ०.८ मिलिमीटर, परंतु घरी उभ्या असणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी पूर्ण असूनही रबर कडक होऊन कडेला चिरलेले असते, म्हणून कडेवरच्या चार आकड्यांवरून त्याचा आठवडा आणि वर्ष वाचावे. स्पोक लहान पान्याने वाजवून पाहावेत. पीयूसीबद्दल एवढेच म्हणतो, की गाडी जागेवर मंद चालू ठेवून घेतलेल्या नोंदीवरून दोन माणसे बसवून घाट चढणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाचा धूर कळत नाही.

स्वयंचलित तपासणी केंद्रांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केले, हे स्वागतार्ह आहे. रोलरवर मोजलेली ब्रेकची ताकद माणसागणिक बदलत नाही. परंतु कोन सेटची खाच, चिमट्याचा डोल आणि गळ्याचा तडा यांसाठी अजूनही माणसाला वाकून हात लावावा लागतो, आणि तो प्रत्येक ठिकाणी एकाच पद्धतीने लावला जाईल अशी लेखी शिस्त असल्याशिवाय दाखल्याला अर्थ येणार नाही. शिवाय दाखला त्या एका दिवसाबद्दल बोलतो. लायनिंग मात्र पुढची पाच वर्षे झिजतच राहते. पंधरा वर्षांवरील दुचाकीची यांत्रिक तपासणी दरवर्षी, अल्प शुल्कात, गावाजवळ व्हावी, ही माझी मागणी आहे. ती मान्य होईपर्यंत ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांना विनंती, की पासिंगला नेताना तिला रंग देऊ नका. तो पैसा ब्रेक-शू, कोन सेट आणि चिमट्याचे बुश यांवर खर्च करा, आणि जुने भाग मेकॅनिककडून मागून घेऊन स्वतः पाहा.