चौथी

आमच्या रोबोटिक्स टीमच्या सादरीकरणात स्लाइडा नऊ, पण चर्चा नेहमी चौथीची. चौथी म्हणजे हाताची, रोबोटच्या हाताची.

पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती होते-नव्हते ते सगळे दागिने घालून उभी होती. मागे निळी नक्षी, दोन कोपऱ्यांत टीमचं बोधचिन्ह, गिअर रेशो, मोटरचा टॉर्क, प्रोग्रामचा एक तुकडा, आणि प्रत्येक ओळ गिरकी घेत येणार. बोलणारा मुलगा आमच्याकडे पाठ करून तिलाच वाचून दाखवायचा. लग्नघरात एखादी आत्या कुणाला बोलूच देत नाही ना, तशी.

चौथीचं घराणं तसं साधं. 1987 साली रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांचं पॉवरपॉइंट मॅकिन्टॉशवर आलं ते काळंपांढरं. त्यातून ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिका छापायच्या. गिरक्या पुढच्या पिढ्यांनी उचलल्या.

फर्स्ट टेक चॅलेंज या रोबोटिक्स स्पर्धेत परीक्षक मुलांना पाच मिनिटं मध्ये न बोलता ऐकून घेतात. नवांत वाटणी केली तर चौथीच्या वाट्याला तेहेतीस सेकंद. नुसती वाचायलाच ती दीड मिनिट खायची. त्यात आमचा पडदा म्हणजे टेबलावर वळवून ठेवलेला लॅपटॉप. पलीकडून तिची अक्षरं मुंग्यांची रांग वाटायची.

तिला वळण लावलं एका मोडक्या ब्रॅकेटनं. सरावात हात वर जाताना थ्री-डी प्रिंटरवर केलेला ब्रॅकेट काडकन तुटला, नेमका दोन थरांच्या मधून. टीममधल्या एका मुलीनं तुकडे तळहातावर ठेवून फोटो काढला, आणि रागारागात चौथीवरचं सगळं पुसून तोच डकवला. वर मोठ्या अक्षरांत तीन शब्द: 'हात इथे मोडला'. शेजारी नवा ब्रॅकेट, आडवा ठेवून छापलेला, म्हणजे ताण थरांच्या लांबीवर येतो, सांध्यावर नाही. हे सगळं ती मुलगी तोंडानं सांगायची. टॉर्कचा आकडा गेला म्हणून दोघं जण दोन दिवस रुसले होते. मला विचाराल तर बरं झालं.

स्पर्धेत प्रश्नांची वेळ आली तेव्हा एका परीक्षकांनी चौथी परत काढायला लावली.

"इथेच का तुटला?"

मुलीनं खिशातून तो तुकडा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तुटलेल्या कडेवरून नख फिरवलं, थर मोजल्यासारखं. चौथीकडे मग कुणी पाहिलंच नाही.